वीक केऑस आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टॅटमेकचा एखादा कोर्स झालाय, लायापुनॉव्ह एक्स्पोनंट हे नाव ओळखीचं आहे, पण "वीक केऑस" वाचलं की यात नक्की काय वीक आहे ते कळत नाही, अशांसाठी हे लिहिलंय. फॉर्म्युले शक्यतो शब्दांतच सांगितलेत.

वीक केऑस म्हणजे नक्की काय?

दोन जवळजवळ सारख्या सुरुवाती घ्या आणि सिस्टीम चालू द्या. नेहमीच्या, म्हणजे स्ट्राँग केऑसमध्ये दोघांमधलं अंतर एक्स्पोनेन्शियल वाढतं आणि त्या वाढीचा सरासरी दर म्हणजे लायापुनॉव्ह एक्स्पोनंट. वीक केऑसमध्येही अंतर वाढतं, पण त्याहून हळू वाढतं, कधी वेळेच्या एखाद्या घाताप्रमाणे तर कधी स्ट्रेच्ड एक्स्पोनेन्शियल, त्यामुळे लॉग घेऊन वेळेने भागलं की उत्तर शून्याकडे जातं.

वैताग असा आहे की हे नाव लोक निदान तीन वेगळ्या गोष्टींना लावतात. एक म्हणजे वर सांगितलं ते, लायापुनॉव्ह खरोखरच शून्य. दुसरं, फेज स्पेस (सिस्टीमच्या सगळ्या शक्य अवस्थांचा नकाशा) अर्धं रेग्युलर अर्धं केऑटिक, आणि केऑटिक भागातली कक्षा रेग्युलर बेटांच्या काठाला चिकटून राहते. तिसरं, लायापुनॉव्ह पॉझिटिव्ह आहे पण अगदीच बारीक. पेपर वाचताना लेखक यातलं कुठलं म्हणतोय हे आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या खात्यात जमा होतं.

लायापुनॉव्ह शून्य आला तर सिस्टीम रेग्युलर आहे असंच ना?

नाही. शून्य हा आकडा खूप वेगवेगळ्या सिस्टीम्सना मिळतो. वर्तुळावर ठरावीक कोनाने फिरणारा बिंदू, त्यालाही शून्य. खाली ज्याच्यावर बराच वेळ घालवणार आहोत तो मॅप (एका आकड्यावरून पुढचा आकडा काढायचा नियम), ज्याची पुढची चाल सांगताना कुणाचीही दांडी उडते, त्यालाही शून्य. लायापुनॉव्ह ही अनंत वेळेवरची सरासरी आहे, आणि सरासरीत शून्य आलं याचा अर्थ एवढाच की वाढ एक्स्पोनेन्शियल नाही, किती हळू ते ती सांगतच नाही.

एक साधं उदाहरण द्या ना, ज्यात सगळं दिसेल.

पोमो आणि मॅनव्हिल या दोघांनी १९८० मध्ये दिलेला मॅप घ्या. शून्य ते एकमधला एक आकडा क्ष. पुढचा आकडा = क्ष अधिक क्षचा झेडवा घात, आणि बेरीज एकच्या वर गेली तर एक वजा करायचा. बस. झेड १ ठेवला तर हा नुसता दुप्पट करण्याचा मॅप होतो, स्ट्राँग केऑसचं पाठ्यपुस्तकी उदाहरण, लायापुनॉव्ह म्हणजे २ चा नॅचरल लॉग, सुमारे ०.६९३.

झेड वाढवला की गंमत सुरू होते. शून्यापाशी मॅपचा उतार बरोब्बर १ असतो, म्हणजे शून्य हा फिक्स्ड पॉइंट (बरोबर तिथे ठेवलेला आकडा हलतच नाही) शेजारच्यांना ढकलतो पण अतिशय नाखुशीने. क्ष ०.०१ पासून सुरू केलं तर दुप्पट करण्याच्या मॅपमध्ये सातएक स्टेप्समध्ये तुम्ही बाहेर. झेड २ असेल तर साधारण १००. झेड ३ असेल तर साधारण ५,००० स्टेप्स, आणि क्ष ०.००१ असेल तर ५ लाख. तेवढा सगळा वेळ आकडे इतके शांत सरकतात की कुणालाही वाटेल सिस्टीम रेग्युलर आहे, मग अचानक दहावीस स्टेप्स धुमाकूळ, आणि कधीतरी परत शून्याजवळ जाऊन पडणं. याला इंटरमिटन्सी म्हणतात.

आता हिशोब. धुमाकुळातून आत पडताना क्ष कुठे पडेल ते साधारण सारख्या शक्यतेचं धरलं तर अडकून राहायचा वेळ टी पेक्षा जास्त असण्याची शक्यता टीच्या १/(झेड−१) या घाताने कमी होते. हा घात, त्याला अल्फा म्हणू, १ किंवा त्याहून कमी झाला की अडकण्याच्या वेळेची सरासरीच अनंत होते. झेड २ वर अल्फा बरोबर १, झेड ३ वर अर्धा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका अल्फातून येतात, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचला तरी चालेल.

झेड २ च्या वर गेला की लायापुनॉव्ह शून्य, आणि दोन कक्षांमधलं अंतर वाढतं ते वेळेच्या अल्फाव्या घाताच्या एक्स्पोनेन्शियलप्रमाणे. झेड ३ ला म्हणजे वेळेच्या वर्गमुळाच्या एक्स्पोनेन्शियलप्रमाणे. गास्पार आणि वांग यांनी १९८८ मध्ये अशा वागण्याला स्पोरॅडिक म्हटलं, कारण सिस्टीम नवी माहिती देते ती सतत नाही, तुटक तुटक.

पण स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सला केऑस लागतोच कशाला?

बोल्ट्झमनपासूनची अडचण ही की आपण मोजतो ती एकाच सिस्टीमची वेळेवरची सरासरी, आणि पुस्तकात काढतो ती सगळ्या शक्य अवस्थांवरची, आणि दोन्ही सारख्या धरतो. बर्कहॉफने १९३१ मध्ये सिद्ध केलं की सिस्टीम एर्गोडिक असेल (म्हणजे एकच कक्षा वेळ दिला की सगळीकडे फिरते) आणि तिचं इन्व्हेरियंट मेझर (कुठल्या भागाला किती वजन ते सांगणारं, वेळेबरोबर न बदलणारं माप) सांत, म्हणजे एकूण अनंत नसेल, तर जवळजवळ प्रत्येक सुरुवातीसाठी हे दोन आकडे सारखेच येतात. त्यात केऑसचा उल्लेख कुठेच नाही हे लक्षात घ्या. वर्तुळावर इर्रॅशनल कोनाने फिरणारा बिंदूसुद्धा एर्गोडिक आहे आणि त्यात केऑस शून्य.

केऑस लागतो तो पुढच्या पायरीला. सिस्टीम समतोलाकडे जाते का, किती वेगाने जाते, जुनी आठवण किती लवकर पुसते, सरासरीभोवतीचे चढउतार गॉसियन असतात का, डिफ्युजनचा कोएफिशंट निघतो का. यासाठी मिक्सिंग (अवस्था ढवळल्या जाऊन सुरुवातीची आठवण पुसणं) लागतं, आणि ते एक्स्पोनेन्शियल वेगाने झालं तर सगळी गणितं सुरळीत बसतात. वीक केऑसमध्ये यातली एकेक सोय काढून घेतली जाते. म्हणून हा विषय मला तरी स्टॅटमेकची कसोटी वाटतो, अपवादांची यादी नाही, कारण खऱ्या सिस्टीम्समध्ये पूर्ण, एकसारखा केऑस तसा दुर्मीळच.

"मेझर अनंत" म्हणतात त्याचा अर्थ काय? आणि त्याने काय बिघडतं?

वरच्या मॅपमध्ये झेड २ असताना खूप वेळ चालवून क्ष कुठे किती वेळा सापडतो त्याची घनता काढली तर ती शून्यापाशी १/क्ष सारखी वर जाते. तिचं एकूण क्षेत्रफळ अनंत, म्हणजे तिला भागून एकूण शक्यता १ करता येत नाही. झेड आणखी वाढवला तर परिस्थिती आणखी वाईट. मॅप एर्गोडिक आहे, पण बर्कहॉफची सांत मेझरची अट तुटली.

तेव्हा नेहमीची सरासरी काढली तर काय येतं? समजा क्ष अर्ध्याच्या वर किती वेळा गेला ते मोजायचंय. एन स्टेप्समध्ये मोजा, एनने भागा, एन वाढवत न्या: उत्तर शून्य. कारण सिस्टीम जवळजवळ सगळा वेळ शून्यापाशीच बसलेली असते. बरं, एनऐवजी एनच्या अल्फाव्या घाताने भागलं तर? आता शून्य येत नाही, पण एक आकडाही येत नाही. प्रत्येक सुरुवातीला वेगळा आकडा येतो आणि कितीही वेळ थांबलात तरी हे आकडे एकत्र येत नाहीत.

मात्र हे आकडे कसेही पसरत नाहीत. त्यांचं वितरण ठरलेलं असतं, मिट्टाग-लेफ्लर नावाचं. झेड ३ ला ते अर्ध्या गॉसियनचं रूप घेतं, म्हणजे सगळ्यात जास्त शक्यता शून्याजवळच्या उत्तराची. अल्फा १ कडे नेला की ते एका आकड्यावर गोळा होतं आणि आपली नेहमीची एर्गोडिसिटी परत येते. याची मुळं डार्लिंग आणि काक यांच्या १९५७ च्या कामात आहेत आणि डायनॅमिकल सिस्टीम्ससाठीचं रूप आरॉन्सनने दिलं. म्हणजे एर्गोडिक थिअरम मोडला असं म्हणण्यापेक्षा त्याचं उत्तर आकड्याऐवजी वितरण झालं. माझ्या मते या अख्ख्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं विसरलात तरी ही ठेवा.

याला एर्गोडिसिटी तुटणं म्हणायचं का?

बूशोने १९९२ मध्ये काचेसारख्या सिस्टीम्सच्या संदर्भात याला वीक एर्गोडिसिटी ब्रेकिंग म्हटलं. फेज स्पेसचे तुकडे पडलेले नाहीत, कुठूनही कुठेही जाता येतं, पण एकेका जागी अडकायच्या वेळेची सरासरी अनंत, त्यामुळे तुमचं मोजमाप कितीही लांब असलं तरी पुरत नाही. लुकलुकणाऱ्या क्वांटम डॉट्समध्ये (प्रकाश देणारे नॅनो आकाराचे कण) चालू आणि बंद राहायच्या वेळा अशाच पॉवर लॉने पसरलेल्या दिसतात, आणि एकाच प्रकारच्या डॉट्सची वेळेवरची सरासरी डॉटप्रमाणे बदलते. अर्थात त्यामागे एखादा वीक केऑटिक मॅप बसलाय असा निष्कर्ष काढू नका, सांख्यिकी सारखी आहे एवढंच.

एन्ट्रॉपीचं काय होतं?

पेसिनचा १९७७ चा निकाल सांगतो की चांगल्या परिस्थितीत कोल्मोगोरोव्ह-सिनाई एन्ट्रॉपी (सिस्टीम नवी माहिती किती दराने देते ते) म्हणजे पॉझिटिव्ह लायापुनॉव्हची बेरीज. वीक केऑसमध्ये ते "शून्य = शून्य" होतं, खरं पण निरुपयोगी. कोराबेल आणि बरकाई यांनी २००९ मध्ये दाखवलं की वेळेऐवजी वेळेचा अल्फावा घात वापरून दोन्ही बाजू नव्याने मांडल्या तर तसंच नातं परत मिळतं.

फर्मीचा तो प्रसिद्ध प्रयोग याच्यातच येतो का?

येतो, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी होती असं म्हणणारेही आहेत. लॉस अलामॉसला मॅनिअॅक नावाच्या कॉम्प्युटरवर फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी किंचित नॉनलिनियर स्प्रिंग्जनी जोडलेल्या कणांची साखळी चालवली, प्रोग्रॅमिंग मेरी त्सिंगूचं. सगळी ऊर्जा सगळ्यात खालच्या मोडमध्ये, म्हणजे साखळीच्या सगळ्यात साध्या कंपनात टाकली. अपेक्षा अशी की थोड्या वेळात ती सगळ्या मोड्समध्ये वाटली जाईल, थर्मलायझेशन होताना डोळ्यांनी बघू. झालं भलतंच. ऊर्जा पहिल्या काही मोड्समध्ये फिरली आणि जवळजवळ सगळीच्या सगळी पहिल्या मोडमध्ये परत आली. रिपोर्ट १९५५ चा, त्याआधी नोव्हेंबर १९५४ मध्ये फर्मी गेले होते. मेरी त्सिंगूचं नाव बरीच वर्षं कुणी घेत नव्हतं, हल्ली घेतात, म्हणून या प्रयोगाच्या एफपीयू या आद्याक्षरी नावाचं एफपीयूटी झालं.

पुढे दोन वाटा निघाल्या. झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी १९६५ मध्ये सॉलिटॉन्सच्या (आकार न बदलता धावणाऱ्या एकट्या लाटांच्या) भाषेत ऊर्जा परत का येते ते सांगितलं. दुसरीकडे इझ्रायलेव्ह आणि चिरिकोव्ह यांनी १९६६ मध्ये सांगितलं की ऊर्जा पुरेशी वाढवली की रेझोनन्सेस एकमेकांवर चढतात आणि मग केऑस, मग वाटप. आज बहुतेक लोक असं बघतात की कमी ऊर्जेची साखळी इंटिग्रेबल, म्हणजे पूर्ण रेग्युलर अशा टोडा साखळीच्या इतकी जवळ असते की आधी ती एका तात्पुरत्या अवस्थेत अडकते आणि खरा समतोल प्रचंड उशिराने येतो. म्हणजे प्रश्न "थर्मलाइज होतं का" यापेक्षा "तुमच्याकडे किती वेळ आहे" असा जास्त आहे.

केएएम आणि "स्टिकिनेस" हे काय प्रकरण आहे?

केएएम ही तिघांच्या नावांची आद्याक्षरं: कोल्मोगोरोव्ह १९५४, मोझर १९६२, आर्नोल्ड १९६३. थोडक्यात, इंटिग्रेबल सिस्टीमला हलकासा धक्का दिला तर बहुतेक रेग्युलर टोरस (रेग्युलर कक्षा ज्यावर फिरतात ते मेदूवड्यासारखे पृष्ठभाग) वाकतात पण टिकतात. चिरिकोव्हच्या स्टँडर्ड मॅपमध्ये हे छान दिसतं: धक्क्याचा पॅरामीटर के सुमारे ०.९७१६ होईपर्यंत गोल्डन मीनवाला शेवटचा टोरस भिंतीसारखा उभा असतो, हा आकडा ग्रीनने १९७९ मध्ये काढला. त्यानंतर भिंतीला भोकं पडतात, पण ती नाहीशी होत नाही, आणि केऑटिक कक्षा तिच्या आणि बेटांच्या आसपास खूप वेळ रेंगाळते, तीच स्टिकिनेस.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण तो सतत पुसला जातो. रेंगाळण्याच्या वेळा इथेही पॉवर लॉच्या, मोठ्या सिम्युलेशन्समध्ये घात दीडच्या आसपास. पण बंदिस्त हॅमिल्टोनियन सिस्टीममध्ये फेज स्पेसचं आकारमान सांत असतं, आणि काकच्या लेमाप्रमाणे परत यायच्या वेळेची सरासरी सांतच राहते. व्हेरिअन्स अनंत होऊ शकतो, सरासरी नाही. म्हणून इथे मिट्टाग-लेफ्लर येत नाही, लायापुनॉव्हही शून्य होत नाही, फक्त सगळं भयानक हळू एका आकड्याकडे जातं.

बिलियर्ड्सची उदाहरणं एवढी का देतात?

कारण नियम एकच: सरळ जा, भिंतीला आपटलं की आरशासारखं परत फिर. केऑस आहे की नाही हे फक्त टेबलाच्या आकारावर ठरतं. सिनाईने १९७० मध्ये टेबलाच्या मधोमध गोल अडथळा ठेवून पूर्ण केऑस सिद्ध केला. पण सगळ्या कडा सरळ असतील तर शेजारच्या दोन कक्षा फक्त वेळेच्या प्रमाणात लांब जातात, लायापुनॉव्ह शून्य, एन्ट्रॉपी शून्य. तरीही एर्गोडिक बहुभुज आहेत, केर्कहॉफ, मेझर आणि स्मिली यांनी १९८६ मध्ये ते सिद्ध केलं. काही त्रिकोण मिक्सिंगसुद्धा असावेत असं कासाती आणि प्रोसेन यांची १९९९ ची सिम्युलेशन्स सुचवतात. आणि प्रत्येक विशालकोन त्रिकोणात निदान एक परत फिरून येणारी कक्षा असतेच का, हा शाळेतल्या मुलालाही समजेल असा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मग डिफ्युजनला केऑस लागतो का?

लागत नाही, आणि यावर चांगली खडाजंगी झालेली आहे. १९९८ मध्ये गास्पार आणि सहकाऱ्यांनी पाण्यात तरंगणाऱ्या कणाची ब्राउनियन हालचाल मोजून सूक्ष्म पातळीवर केऑस असल्याचा प्रायोगिक पुरावा मिळाला असं मांडलं. पुढच्याच वर्षी डेटमन, कोहेन आणि फान बैयेरेन यांनी एरेनफेस्टच्या जुन्या विंड-ट्री मॉडेलवर, म्हणजे इतस्ततः ठेवलेल्या चौकोनांना आपटत जाणाऱ्या कणावर, तेच विश्लेषण केलं आणि तसंच चित्र मिळालं. त्या मॉडेलमध्ये लायापुनॉव्ह शून्य! अडथळ्यांची मांडणीच रँडम असेल तर केऑसचं काम तीच करून टाकते. चौकोन नियमित जाळीत ठेवले की मात्र वागणं बदलतं, तिथे अंतर वेळेच्या १/२ ऐवजी २/३ घाताने वाढतं असं सिद्ध झालंय.

इंटरमिटंट मॅपपासून बनवलेल्या डिफ्युजनमध्ये अडकणं म्हणजे एका जागी बसणं असेल तर झेड २ च्या वर सरासरी वर्ग-अंतर वेळेच्या अल्फाव्या घाताने वाढतं, सबडिफ्युजन. अडकणं म्हणजे एकाच दिशेने धावत सुटणं असेल तर सुपरडिफ्युजन, झेड दीड ते दोनमध्ये घात ३ वजा अल्फा. यातला सबडिफ्युजनचा भाग गायझल आणि थोमे यांनी १९८४ मध्ये उभा केला.

त्सालिस एन्ट्रॉपी हीच वीक केऑसची एन्ट्रॉपी का?

त्सालिसने १९८८ मध्ये क्यू नावाचा पॅरामीटर असलेली एन्ट्रॉपी मांडली, क्यू १ केला की नेहमीची मिळते. लॉजिस्टिक मॅपच्या फायगेनबाउम पॉइंटवर, म्हणजे केऑसच्या उंबरठ्यावर, पॅरामीटर ३.५६९९ च्या आसपास, जिथे लायापुनॉव्ह शून्य असतो, तिथे संवेदनशीलता पॉवर लॉने वाढते आणि क्यू सुमारे ०.२४४५ हा मॅपवरून काढता येतो. हे स्वच्छ काम आहे. पण जिथे क्यू आधी काढता येत नाही आणि डेटावर बसवून घेतला जातो, तिथे मला त्यात फार अर्थ दिसत नाही, एक मोकळा पॅरामीटर मिळाला की बऱ्याच वक्ररेषा छान बसतात.

सूर्यमाला वीक केऑटिक आहे का?

सुरुवातीला सांगितलेल्या तिसऱ्या अर्थाने. लास्करने १९८९ मध्ये आतल्या ग्रहांसाठी लायापुनॉव्ह काळ (अंतर साधारण पावणेतीनपट व्हायला लागणारा वेळ) सुमारे ५० लाख वर्षं काढला. ग्रहमालेच्या वयापुढे तो फार लहान, तरी कक्षा टिकून आहेत. २००९ मध्ये लास्कर आणि गास्तिनो यांनी ५ अब्ज वर्षांची २,५०१ सिम्युलेशन्स केली, त्यातल्या साधारण १ टक्क्यात बुधाची कक्षा धोकादायक लांबट झाली. दूरच्या भविष्याबद्दल बोलताना एक उत्तर देऊन चालत नाही, शक्यताच द्यावी लागते, मग ते स्टॅटमेकच झालं की.

स्वतः कोड लिहून बघायचंय, काय सांभाळू?

गंमत म्हणजे स्ट्राँग केऑसचा दुप्पट मॅप कॉम्प्युटरवर मरतो. डबल प्रिसिजनमध्ये ५३ बिट्स असतात, प्रत्येक स्टेपला एक बिट बाहेर पडतो आणि पन्नासपंचावन्न स्टेप्समध्ये सगळं शून्य. इंटरमिटंट मॅप मात्र तग धरतो. झेड ३ ला क्ष सुमारे एक भागिले दहा कोटीच्या खाली गेला की बेरीज गोठते, पण तिथून खरोखर बाहेर पडायलाच ५ वर पंधरा शून्यं इतक्या स्टेप्स लागल्या असत्या, त्यामुळे फरक पडत नाही. काही हजार सुरुवाती घ्या, अर्ध्याच्या वर किती भेटी ते मोजा, एनच्या वर्गमुळाने भागा आणि हिस्टोग्राम काढा, अर्धा गॉसियन दिसेल. झेड बरोबर २ ठेवू नका, तिथे लॉगचे फॅक्टर घुसतात आणि काहीही लवकर स्थिर होत नाही.

माझ्या डेटात पॉवर लॉ आहे, म्हणजे वीक केऑस सापडला का?

बहुधा नाही, निदान एवढ्यावर नाही. पॉवर लॉ रँडम प्रोसेसमधूनही येतो, आणि लॉग-लॉग प्लॉटवर दीड दशकभर, म्हणजे साधारण तीसपट पल्ल्यात, सरळ रेषा कशाचीही दिसते. आधी डेटाची लांबी दुप्पट, चौपट करत सरासरी बघा. सरासरी एका आकड्याकडे जात असेल पण हळू, तर स्टिकिनेससारखं काहीतरी. लांबी वाढवूनही वेगवेगळ्या रन्समधला पसारा तितकाच राहत असेल तर अनंत सरासरीचा संशय घ्या आणि त्या पसाऱ्याचा आकार मिट्टाग-लेफ्लरशी ताडून बघा, त्याचा अल्फा अडकण्याच्या वेळांवरून वेगळा काढलेल्या अल्फाशी जुळला पाहिजे. जुळला तरी डिटर्मिनिस्टिक की रँडम हे त्यावरून ठरत नाही, विंड-ट्रीवाल्यांनी १९९९ मध्ये दाखवलं ते हेच, तेवढ्यासाठी सिस्टीमची समीकरणंच हातात असावी लागतात.